चाक बदललं? मग ब्रेकचं रबरही बदला!

दोस्तांनो, सायकल घ्यायची म्हटली की आपण काय काय बघतो? रंग बघतो. गिअर किती आहेत ते बघतो. टायर जाड की बारीक, सीट उंच की बुटकी, घंटी कशी वाजते, सगळं बघतो. पण ब्रेकच्या टोकाला बसवलेला तो बोटाच्या दोन पेरांएवढा रबराचा तुकडा? त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही! तो झिजून संपतो, आतलं लोखंड रिमवर घासायला लागतं, 'खर्रर्र' असा आवाज येतो, तेव्हा कुठे आपल्याला त्याची आठवण होते.

या तुकड्याला सायकलवाले काका 'ब्रेकचं रबर' म्हणतात आणि शर्यतीतले सायकलपटू 'ब्रेक पॅड' म्हणतात. नाव काही असो, घाटातल्या उतारावर आपला जीव त्याच्याच भरवशावर असतो. आणि गंमत अशी, की हे रबर सगळ्या चाकांना एकच चालत नाही. चाक ज्याचं बनलेलं असेल, त्याला साजेसंच रबर लागतं. विशेषतः कार्बनच्या काळ्या चाकांच्या बाबतीत ही निवड चुकली, तर महागडं चाक कायमचं बिघडू शकतं, आणि ते नेमकं उतारावर बिघडलं तर काय होईल ते सांगायलाच नको.

ही काळी चाकं तुम्ही 'टूर द फ्रान्स'सारख्या शर्यतींमध्ये टीव्हीवर पाहिली असतील. पूर्वी ती फक्त बड्या खेळाडूंकडेच असायची. आता मात्र ती आपल्याकडच्या हौशी सायकलपटूंकडेही दिसतात. त्यातच शर्यतींमध्ये डिस्कब्रेक आले. २०१७ च्या टूर द फ्रान्समध्ये जर्मनीच्या मार्सेल किटेलने डिस्कब्रेकच्या सायकलवरून एक टप्पा जिंकला. या शर्यतीतला डिस्कब्रेकचा हा पहिला विजय. २०१८ पासून जागतिक सायकल संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्कब्रेकला कायमची परवानगी दिली. तरी २०१९ मध्ये कोलंबियाच्या एगान बेर्नालने टूर जिंकली ती रिमब्रेकच्याच सायकलवर. पुढे एकेक संघ डिस्ककडे वळला. मग जुन्या रिमब्रेकच्या कार्बन चाकांचं काय झालं? ती जुन्या बाजारात आली! 'दादाच्या मित्राकडची चाकं स्वस्तात मिळतायत' असं कुणी म्हणालं, तर बहुधा ती हीच. म्हणून कुठलं रबर लावायचं, हा प्रश्न आता बड्या संघांच्या मेकॅनिकपुरता राहिलेला नाही. तो तुमच्या-आमच्या दारात आलाय.

ब्रेक नेमकं करतो काय?

'ब्रेक सायकल थांबवतो,' असं आपण म्हणतो. पण विज्ञानाच्या भाषेत सांगायचं, तर ब्रेक गतीचं रूपांतर उष्णतेत करतो.

तळहात एकमेकांवर जोरात घासून पाहा. गरम झाले ना? हातांची हालचाल घर्षणामुळे उष्णतेत बदलली. अगदी तसंच रबर रिमवर घासतं आणि सायकलची गती उष्णता होऊन बाहेर पडते. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती फक्त रूप बदलते, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात.

आता थोडं गणित करू. स्वार आणि सायकल मिळून वजन ७५ किलो धरा. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना त्यांच्यात सुमारे ११५० ज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग दुप्पट केला, म्हणजे ताशी ४० केला, तर ऊर्जा दुप्पट होईल? छे! ती चौपट होते, म्हणजे सुमारे ४६०० ज्यूल. वेग थोडा वाढला तरी ब्रेकचं काम किती वाढतं, ते आलं ना लक्षात?

आणि ही झाली सपाट रस्त्यावरची गोष्ट. घाटाचा हिशेब याहून मोठा असतो.

पसरणीचा घाट आणि दीड लिटर पाणी

सातारा जिल्ह्यातला पसरणीचा घाट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पाचगणीहून वाईला उतरताना आपण साधारण ५७५ मीटर खाली येतो. आपला ७५ किलोंचा स्वार पाचगणीहून निघाला आणि वाईत येऊन थांबला. या प्रवासात किती ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागली? वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले उंची. ७५ गुणिले ९.८ गुणिले ५७५. उत्तर येतं जवळजवळ सव्वाचार लाख ज्यूल!

एवढ्या उष्णतेत ३० अंश सेल्सिअसचं जवळजवळ दीड लिटर पाणी उकळायला लागेल. म्हणजे घरच्या सगळ्यांचा आणि शेजाऱ्यांचाही चहा!

अर्थात, ही सगळी उष्णता काही रिममध्ये जात नाही. बरीचशी ऊर्जा वाऱ्याशी झुंजण्यात संपते, थोडी टायर आणि रस्ता यांच्यात संपते. उरलेली ब्रेककडे येते. आता एक कोडं. रिम जास्त कुणाची तापेल? मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक सोडून जाणाऱ्याची, की घाबरून सगळा घाट ब्रेक दाबूनच उतरणाऱ्याची?

उत्तर आहे, ब्रेक दाबून उतरणाऱ्याची! हळू चाललं की वारा फारशी मदत करत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळा भार ब्रेकवर येतो. शिवाय रिमला थंड व्हायला एक क्षणही मिळत नाही. म्हणून कार्बनची चाकं पट्टीच्या खेळाडूंपेक्षा नवशिक्यांच्या हाती जास्त तापतात. याचा अर्थ उतारावर वेगात जा, असा मुळीच नाही बरं का! योग्य युक्ती काय, ते पुढे सांगतोच.

पोलाद, ॲल्युमिनियम आणि कार्बन

आपल्या आजोबांच्या काळ्या, उंच सायकलच्या रिम पोलादाच्या असायच्या. तिच्या ब्रेकला तारेऐवजी सळ्या असत आणि रबर रिमच्या आतल्या बाजूला खालून वर दाबलं जाई. पोलादाची रिम दणकट, पण पावसात भिजली की ब्रेक लागता लागत नसे. म्हणून काही देशांत रबरावर चामड्याची पट्टी लावलेले पॅड निघाले होते. म्हणजे पाहा, रिम तशी रबर, हा धडा काही नवा नाही!

मग आली ॲल्युमिनियमची रिम. पोलादापेक्षा हलकी, न गंजणारी आणि उष्णता झटपट पसरवणारी. ब्रेकने एका जागी तापवलं तरी ती उष्णता सगळ्या रिमभर पसरते आणि वाऱ्यावर निघून जाते. घरात ॲल्युमिनियमचं पातेलं किती लवकर तापतं आणि लवकर निवतं, ते आठवा.

कार्बनचं मात्र वेगळं आहे. कार्बनची रिम म्हणजे काही एकसंध धातू नव्हे. केसांहूनही बारीक असे कार्बनचे धागे असतात, ते राळेत बसवून, दाबून, तापवून रिम घडवतात. ही राळ एपॉक्सी जातीची असते. दोन ट्यूबांमधला माल एकत्र कालवून आपण तुटलेली वस्तू चिकटवतो ना, त्याच्या नात्यातली. कार्बनची घनता ॲल्युमिनियमच्या निम्म्याहून थोडीच जास्त असते, म्हणून चाक हलकं होतं. शिवाय त्याला हवा तसा आकार देता येतो, त्यामुळे ते वारा कापत जातं.

पण राळ उष्णता पसरवण्यात अगदीच आळशी! ॲल्युमिनियमच्या तुलनेत शेकडो पटींनी मागे. त्यामुळे ब्रेक लागतो ती पट्टीच तापत राहते. आणि एका मर्यादेपलीकडे तापली की राळ वितळत नाही, पण मऊ पडू लागते. त्याच वेळी टायरमधली हवा रिमच्या कडांना बाहेर ढकलत असते. मऊ पडलेली कड फुगते, वाकडी होते, कधी थरही सुटतात. अशी रिम पुन्हा सरळ करता येत नाही. ती टाकूनच द्यावी लागते.

आता लक्षात आलं ना, कार्बनच्या चाकाला वेगळं रबर का लागतं ते?

चुकीचं रबर लावलं तर?

ॲल्युमिनियमसाठीच्या साध्या रबरात बरेचदा खरखरीत कण मिसळलेले असतात. पाणी आणि मळ पुसून काढायला ते उपयोगी पडतात. ॲल्युमिनियमला ते सोसतं. कार्बनवर मात्र हे रबर जास्त उष्णता निर्माण करतं, स्वतः मऊ होऊन रिमवर चिकटतं आणि खरखरीत कणांनी पट्टी खरवडतं. चिकटलेल्या रबरामुळे ब्रेक एकसारखा लागत नाही. मधेच सटकतो, मधेच गचका देतो.

गचका हा नुसता त्रास नव्हे, धोका आहे. ब्रेक कमी लागणं जितकं वाईट, तितकंच तो अचानक जखडणंही वाईट. २००३ च्या टूर द फ्रान्समध्ये १४ जुलैला एका उतारावर उन्हाने डांबर मऊ झालं होतं. तिथे स्पेनचा होसेबा बेलोकी घसरला. त्याचं मागचं चाक जखडलं, टायर रिमवरून सुटला आणि तो रस्त्यावर आदळला. मांडीचं हाड, कोपर आणि मनगट मोडलं. त्या अपघातात दोष रबराचा नव्हता. पण उतारावर मागचं चाक जखडलं तर काय होतं, ते साऱ्या जगाने पाहिलं.

कार्बनसाठीचे पॅड निराळ्या मिश्रणाचे असतात. काही बुचाच्या लाकडाचा भुगा वापरून केलेले, तर काही खास रबराचे. उष्णता कमी निर्माण व्हावी, पट्टी खरवडली जाऊ नये आणि दाब वाढवू तसा ब्रेक हळूहळू वाढत जावा, हा त्यांचा हेतू. मग हेच 'भारी' पॅड साध्या ॲल्युमिनियमच्या चाकाला लावले तर? तेही नको. ते भराभर झिजतात आणि ब्रेकही मनासारखा लागत नाही. महाग म्हणजे सगळीकडे चांगलं, असं नसतं!

निवडायचं कसं?

१. आधी ब्रेकची पट्टी ओळखा. चाक काळं दिसलं म्हणजे कार्बनचं, असं समजू नका. काही चाकांचं अंग कार्बनचं असतं, पण रबर जिथे घासतं ती पट्टी ॲल्युमिनियमची असते. अशा चाकाला ॲल्युमिनियमचंच रबर लागतं. पट्टी रुपेरी, चकचकीत आणि बारीक रेघांची असेल तर ती बहुधा ॲल्युमिनियमची.

२. चाक रिमब्रेकचंच आहे ना, ते पाहा. डिस्कब्रेकसाठी केलेल्या कार्बन चाकाला ब्रेकची पट्टीच नसते. त्यावर रिमब्रेक लावायचा विचारसुद्धा करू नका.

३. चाक बनवणारा काय म्हणतो, ते वाचा. प्रत्येकाची राळ वेगळी, पट्टीचा पोत वेगळा. म्हणून बहुतेक कंपन्या कुठले पॅड वापरायचे ते ठरवून देतात. दुसरे वापरले तर हमीही देत नाहीत. जुनं चाक घेताना 'याचे पॅड कोणते?' हा प्रश्न आधी विचारा.

४. मापही जुळवा. पॅड ज्या खाचेत सरकवतात, तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक शिमानो पद्धतीचा, दुसरा कॅम्पान्योलो पद्धतीचा. एकाचा पॅड दुसऱ्यात नीट बसत नाही. ठोकून-ठाकून बसवलेला ब्रेक कशाला हवा?

५. पॅड अदलाबदल करू नका. हा नियम सगळ्यात जास्त वेळा मोडला जातो. ॲल्युमिनियमच्या चाकावर वापरलेल्या रबरात धातूचे बारीक तुकडे रुतून बसतात. तेच रबर कार्बनवर लावलं, की ते तुकडे पट्टीवर चरे पाडतात. दोन प्रकारची चाकं असतील तर पॅडचेही दोन संच ठेवा आणि डब्यांवर नावं लिहा.

बसवताना आणि नंतर

पॅड मोठ्या माणसांच्या किंवा सायकलवाल्या काकांच्या देखरेखीखाली बसवा. पॅडच्या घराचं एक टोक बंद असतं, एक उघडं. बंद टोक नेहमी सायकलच्या पुढच्या दिशेला हवं. उलटं बसवलं तर ब्रेक दाबताच फिरतं चाक पॅडला पुढे ओढतं आणि तो घरातून बाहेर सटकतो!

पॅड पूर्णपणे पट्टीवरच टेकला पाहिजे. वर सरकला तर टायर कापतो, खाली लोंबला तर पट्टी पकडत नाही. ब्रेक दाबल्यावर किंचाळतो का? मग पॅडचं पुढचं टोक रिमला केसभर आधी टेकेल असा तो किंचित तिरका लावा. आवाज बहुधा थांबतो.

अधूनमधून पॅड काढून पाहा. त्यावर झीज दाखवणारी रेघ असते, तिथपर्यंत रबर झिजलं की नवं आणा. रिमवर तेलाचा थेंबही पडू देऊ नका. आणि नवे पॅड बसवले की थेट घाट गाठू नका. आधी मोकळ्या, सपाट मैदानात हळू वेगात पाच-दहा वेळा ब्रेक लावून पाहा. पावसाळ्यात तर जास्तच सावध राहा. ओल्या कार्बनवर ब्रेक दाबला तरी तो लगेच लागत नाही. आधी पाणी पुसलं जातं, मग पकड येते. तेवढ्यात सायकल बरीच पुढे गेलेली असते.

घाट उतरताना

आता मघाशी राहिलेली युक्ती. ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही. वळणाच्या आधीच, सरळ रस्त्यावर, दोन्ही ब्रेक एकदम, ठामपणे लावून वेग कमी करायचा. मग ब्रेक सोडून द्यायचा, म्हणजे रिमला वारा लागतो. पुन्हा गरज पडली की पुन्हा लावायचा. अंग थोडं ताठ ठेवलं की वाराच आपला फुकटचा ब्रेक होतो! एवढं करूनही वेग आवरत नाही असं वाटलं, तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबा. पाणी प्या, दरी बघा, चाकं निवू द्या. पण थांबल्या थांबल्या रिमला हात लावू नका, चटका बसेल.

---

करून पाहा!

१. घरातला एक लोहचुंबक घ्या आणि वेगवेगळ्या सायकलींच्या रिमला लावून पाहा. चिकटला तर रिम पोलादाची. चिकटला नाही तर ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची. आपल्या इमारतीतल्या सायकलींची यादी करा. कुठल्या रिम जास्त निघाल्या?

२. एका भांड्यात गरम पाणी घ्या (आईबाबांच्या मदतीने, उकळतं नको). त्यात एक धातूचा आणि एक लाकडी चमचा उभा ठेवा. दोन मिनिटांनी दोन्हींच्या वरच्या टोकांना हात लावा. कुठला तापला? आता सांगा, यातली ॲल्युमिनियमची रिम कोण आणि कार्बनची कोण!

---

आईबाबांसाठी

शाळा, शिकवणी, मैदान यासाठी सायकल चालवणाऱ्या मुलांना कार्बनच्या चाकांची काहीच गरज नाही. ॲल्युमिनियमची चाकं आणि चांगल्या रबराचे, नीट बसवलेले ब्रेक हेच त्यांच्यासाठी उत्तम. मूल शर्यतीत उतरत असेल आणि जुनी कार्बन चाकं घ्यायची असतील, तर ब्रेकच्या पट्टीवरून बोट फिरवून पाहा. फुगवटा, चीर किंवा सुटलेला थर जाणवला तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. तीच चाकं तुम्ही स्वतः घाटात नेणार असाल, तर तुमचं वजन मुलापेक्षा जास्त आहे, त्यामुळे रिमही जास्त तापणार. नव्या पॅडसाठी खर्च करताना हात आखडता घेऊ नका.

---

सांगा पाहू!

ताशी १० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल ताशी ३० किलोमीटर वेगाने जाऊ लागली, तर ब्रेकला किती पट काम करावं लागेल? तीन पट? नीट विचार करा. वर दिलेलं गणित पुन्हा वाचलंत, तर उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल. आणि आज संध्याकाळी खेळायला जाण्यापूर्वी दोन मिनिटं खाली वाकून आपल्या सायकलच्या त्या चार छोट्या रबरांकडे बघा. रेघ अजून दिसतेय का?